दहा ठिपके जास्त

उद्यमनगरात, फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
मालकांनी मला एक जुना कॉम्प्युटर दिला,
काळ्या वाळूनं भरलेला.
झाकण काढून फुंकला तर पंख्यामागून
एक वाळलेली पाल निघाली.
मेमरी इतकी कमी, की डेस्कटॉप चढवला रे चढवला
की चिखलातल्या म्हशीसारखा बसायचा, उठायचा नाही.
मग चढवलाच नाही.
काळा पडदा, पांढरी ओळ, लुकलुकणारी एक काठी.

बाबालाल मुल्लाणी, चाळीस वर्षं साचे भरलेले,
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू,
दारातनंच म्हणाले,
"खिडक्या न्हाईत व्हय ह्याला?"
"न्हाईत, चाचा."
"मग आपल्या शेडसारखंच की."

आधी अक्षरं मोठी केली, त्यांच्यासाठी.
इंग्रजी तेवढी झाली.
माझं नाव टाइप केलं, ज्योत्स्ना,
तर दहा चौकटी उमटल्या, ओळीनं, रिकाम्या.
त्या फॉन्टात खाने पाचशे बारा,
आणि आमची जोडाक्षरं
वडापच्या जीपमधल्यासारखी,
एकमेकांच्या मांडीवर बसल्याशिवाय निघत नाहीत.

म्हटलं, अक्षरांच्या नादी लागायला नको.
पडद्यामागं एक फाइल असते, फ्रेमबफर,
तिला लिपी कळत नाही.
ठिपका कळतो: किती निळा, किती हिरवा, किती तांबडा,
आणि चौथा आकडा, जो कुणीच वाचत नाही.
तिच्यात लिहायला गेले तर
परवानगी नाकारली.
व्हिडिओ नावाच्या गटात आधी नाव घालावं लागतं.
घातलं. बाहेर जाऊन पुन्हा आत आले,
हजेरीकार्ड विसरलेल्या कामगारासारखी.

शून्यं ओतली. सगळा पडदा पुसून काळा, गुळगुळीत.
"वाळू चापली," चाचा म्हणाले.
मग कुठलेही आकडे ओतले, बेहिशेबी,
आणि काच रंगांनी तडतडली.
"आता कसं! हे ओळखतो मी."

मग खरं काम.
ऑइल इंजिनच्या फ्लायव्हीलचं ड्रॉइंग,
तेराशे सहासष्ट ठिपके रुंद, पडद्याएवढं, मोजून कापलेलं.
ओतलं,
तर चाक तिरकं.
शंकरपाळ्यासारखं ओढलेलं, आऱ्या पडलेल्या,
एका कडेनं बाहेर जाऊन दुसऱ्या कडेनं आत आलेलं.
तीन रात्री मी शिव्या दिल्या,
कर्नलला, ग्राफिक्स कार्डला, शेवटी स्वतःला.

चौथ्या रात्री चाचा चहाचा ग्लास घेऊन आले,
डावा डोळा काचेला टेकवला.
"साचा सरकलाय.
एकदम न्हाई. दर थराला जरा जरा.
पोरी, लाकडाचं पॅटर्न कधी मालाएवढंच करत्यात का?
लोखंड आकसतंय, वर मशीनवर कापलं जातंय,
म्हणून सुतार एक सूत जास्त धरतोय.
कुणाला दिसत न्हाई ते, पण धरावं लागतंय.
ह्या पेटीनं बी कुठंतरी जास्त धरलं असंल,
तुला न विचारता."

विचारलं पेटीला,
तुझी एक ओळ केवढी?
तेराशे शहात्तर.

दहा ठिपके, दर ओळीच्या शेवटी,
काचेवर कधीच न येणारे,
फक्त धरलेले.

मीही धरले. दहा दहा काळे, सातशे अडुसष्ट वेळा.
चाक गोल झालं.

चाचांनी खिशातनं कॅलिपर काढला,
काचेवर आडवा धरला, मग उभा, मग पुन्हा आडवा.
काही बोलले नाहीत.
बनियनला पुसून तो परत ठेवला.
चाकाच्या कडेला काठी अजून लुकलुकत होती,
ती बंद करायची राहूनच गेली आहे.

चहा होईपर्यंत पडदा आपला आपण काळा झाला.
"विझलं?"
"झोपलंय, चाचा. कुठलंबी बटण दाबा."

त्यांनी सगळ्यांत लांब बटण शोधलं
आणि अंगठ्यानं दाबलं,
वाळू दाबतात तसं,
खांद्यापासून.